पृथ्वीचा बटाटा आणि हरवलेले अधिक-उणे

३१ मार्च २०११ रोजी जर्मनीतील म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठात एक आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली होती. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘गोचे’ या उपग्रहाने पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाची जी मोजमापे केली, त्यांवर काम करणारी मंडळी तेथे जमली होती. त्या दिवशी तेथे ‘आजवरचा सर्वांत अचूक जिऑइड’ सादर करण्यात आला. सादर झाला म्हणजे काय, तर पडद्यावर एक गोळा फिरू लागला. निळा, पिवळा, लालसर. एकीकडे फुगलेला, दुसरीकडे दबलेला. जगभरच्या वृत्तपत्रांनी तो उचलला आणि ‘पृथ्वी गोल नव्हे, बटाट्यासारखी’ अशी बातमी घरोघरी पोचली. बटाटा हे नाव काही त्या दिवशीचे नव्हे. जर्मनीतीलच पॉट्सडॅमच्या भूविज्ञान संशोधन केंद्राने आधी काढलेल्या अशाच चित्रांना ‘पॉट्सडॅमचा बटाटा’ हे टोपणनाव पडलेले होते.

आपल्याकडे नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, चित्रप्रदर्शनाचे होते. शास्त्रीय परिषदेतल्या सादरीकरणाचे मात्र कोणी करत नाही. निष्कर्ष बरोबर की चूक, एवढेच पाहायचे, अशी रीत आहे. पण सादरीकरण ही निष्कर्षाहून वेगळी कृती आहे. निष्कर्ष बरोबर असतानाही ते चुकीचे काही शिकवू शकते. परिषदेत शास्त्रज्ञाला बोलायला बारा-पंधरा मिनिटे मिळतात. मूळ शोधनिबंध वीस पानांचा असतो. ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहते ते एक चित्र आणि एक आकडा. हे चित्र आणि हा आकडा पुढे वृत्तपत्रात जातो, तेथून पूरक वाचनाच्या पुस्तकात आणि शेवटी आपल्या फळ्यावर येतो. म्हणून त्याचे परीक्षण करण्याचा पहिला अधिकार शिक्षकांचाच आहे. उपग्रहांनी मोजलेल्या गुरुत्वाकर्षणाचे संशोधन कसे मांडले जाते, ते या लेखात तीन उदाहरणांवरून तपासू.

ओळंबा, पाणसळ आणि जिऑइड

प्रथम मूळ कल्पना. गवंडी भिंत सरळ आहे का ते ओळंब्याने पाहतो आणि फरशी सपाट आहे का ते पाणसळीने. या दोन हत्यारांचा एकमेकांशी नेहमी काटकोन असतो. ओळंबा दाखवतो ती गुरुत्वाकर्षणाची दिशा. पाणसळ दाखवते ती त्या दिशेला लंब असलेली पातळी. आता अशी कल्पना करा की समुद्राला भरती-ओहोटी, वारा, प्रवाह काहीच नाहीत आणि त्याचे पाणी कालव्यांनी जमिनीखालीही सर्वत्र खेळवले आहे. या निश्चल पाण्याचा जो पृष्ठभाग तयार होईल तो जिऑइड. त्याच्यावर कोठेही उभे राहा, ओळंबा त्याला लंबच असेल.

पृथ्वीच्या पोटातील पदार्थ सर्वत्र सारख्या घनतेचा असता, तर हा पृष्ठभाग ध्रुवांकडे किंचित चपटा असा गुळगुळीत गोळा झाला असता. या आदर्श आकाराला लंबगोलाभ म्हणतात. प्रत्यक्षात आत कोठे जड, कोठे हलका पदार्थ आहे. त्यामुळे जिऑइड लंबगोलाभापासून कोठे वर, तर कोठे खाली जातो. न्यू गिनीच्या परिसरात तो सुमारे ८५ मीटर वर आहे आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात सुमारे १०६ मीटर खाली आहे.

हे मोजण्यासाठी १७ मार्च २००९ रोजी गोचे सोडण्यात आला. त्याची कक्षा मुद्दाम फार खालची, सुमारे २५५ किलोमीटरची ठेवली होती, कारण जितके जवळ जाऊ तितके गुरुत्वाकर्षणातील बारकावे स्पष्ट कळतात. इतक्या खाली विरळ हवेचाही विरोध होतो. तो भरून काढण्यासाठी उपग्रहावर झेनॉन वायू वापरणारे आयन इंजिन होते. आत त्वरणमापकांच्या तीन जोड्या होत्या. जोडीतील दोन मापकांत सुमारे अर्ध्या मीटरचे अंतर. या अर्ध्या मीटरमध्ये गुरुत्वाकर्षण किती बदलते, हे तो मोजत असे. शंभर किलोमीटरच्या टप्प्यावर जिऑइडची उंची एक-दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरवायची, हे त्याचे उद्दिष्ट होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये इंधन संपले आणि ११ नोव्हेंबर २०१३ रोजी तो वातावरणात शिरून नष्ट झाला. एवढ्या कष्टाने मिळवलेल्या ज्ञानाचे मोल कमी लेखण्याचा येथे मुळीच हेतू नाही. प्रश्न त्या फिरत्या गोळ्याचा आहे.

चित्राने काय सांगितले

एक मीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. या प्रमाणात एव्हरेस्टची उंची ०.७ मिलिमीटर भरते. ध्रुवांवर पृथ्वी चपटी आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवावरच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१.४ किलोमीटरने जास्त आहे. आपल्या गोलावर हा फरक १.७ मिलिमीटरचा. आणि जिऑइडचा १०० मीटरचा उंचवटा? ०.००८ मिलिमीटर. वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे या कागदाच्या जाडीचा बारावा हिस्सा! बोट फिरवून तो कळणार नाही, डोळ्यांना दिसणार नाही.

असा उंचवटा दिसावा म्हणून चित्रकार तो वाढवतो. सूक्ष्मदर्शकातून पाहताना आपण तेच करतो, त्यात गैर काही नाही. पण किती वाढवायचे? उंचवटे बटाट्यासारखे दिसायचे असतील तर वाढ दहा हजार पटींच्या घरात न्यावी लागते. १०० मीटरचे १,००० किलोमीटर करा, तेव्हा कोठे ६,३७१ किलोमीटरच्या त्रिज्येवर फुगवटा उठून दिसतो.

आता विद्यार्थ्यांना एक पुढचा हिशेब घालावा. सगळेच दहा हजार पट वाढवायचे, तर ध्रुवांचा चपटेपणाही वाढवायला हवा. २१.४ किलोमीटर गुणिले दहा हजार म्हणजे २,१४,००० किलोमीटर. चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. म्हणजे पृथ्वीच्या कमरेचा घेर चंद्राच्या वाटेवर निम्म्याहून अधिक अंतर गेला असता, आणि चित्रात बटाटा नव्हे तर थाळी दिसली असती. तशी थाळी दिसत नाही, कारण चपटेपणा आधीच वजा केलेला असतो. उरलेले बारीक फरक तेवढे वाढवून ते एका गोल चेंडूवर बसवलेले असतात. चित्रात दिसतो तो पृथ्वीचा आकार नाही. लंबगोलाभ वजा जाता जे उरले, त्याचा तो आलेख आहे. आलेख कागदाऐवजी गोळ्यावर काढला, इतकेच.

आलेख म्हणून हे चित्र उत्तम आहे, पण आकार म्हणून ते खोटे ठरते. गोळा फिरवला की पाहणारा त्याच्याकडे आलेख म्हणून पाहूच शकत नाही; वस्तू म्हणूनच पाहतो. निळा म्हणजे उणे १०० मीटर, पिवळा म्हणजे अधिक १०० मीटर, असा रंगांचा खुलासा चित्राखालच्या ओळीत होता. पण ओळ मागे राहते आणि चित्र पुढे जाते. पुढे तर हेच चित्र ‘समुद्राचे पाणी काढून टाकल्यावर पृथ्वी अशी दिसते’ असे सांगत जगभर फिरले. वास्तविक जिऑइड म्हणजे समुद्राच्याच पाण्याची कल्पित पातळी. चित्राचा अर्थ नेमका उलटा झाला!

‘भोक’ कोठे आहे?

दुसरे उदाहरण आपल्या दारातले. हिंदी महासागरातील १०६ मीटरचा खोलगट भाग कसा तयार झाला असावा, याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील देबंजन पाल आणि अत्रेयी घोष यांनी केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे १४ कोटी वर्षांतील भूपट्टांच्या हालचाली संगणकावर चालवून त्यांनी वेगवेगळी प्रतिरूपे तपासली. आफ्रिकेच्या खालून आलेला उष्ण व हलका पदार्थ या भागाच्या खाली प्रावरणात पसरला असल्याने हा खोलगटपणा आला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. अभ्यास गंभीर आहे. पण बातम्यांत शब्द आला ‘गुरुत्वाकर्षणाचे भोक’.

भोक म्हटले की मुले विचारतात, जहाज आत पडत नाही का? प्रश्न चांगला आहे, त्याला हसू नये. उत्तर ओळंब्यात आहे. त्या भागात पाण्याचा पृष्ठभाग लंबगोलाभाच्या खाली आहे खरा, पण तो तेथल्या ओळंब्याला लंबच आहे. म्हणजे पाणसळ लावली तर ती ‘सपाट’च सांगेल. उतार नाही, मग जहाज घसरणार कोठे? पाणी तरी वाहून तेथे का जमावे? भूमितीच्या दृष्टीने खाली आणि गुरुत्वाकर्षणाच्या दृष्टीने समपातळीत, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जिऑइडच्या कल्पनेचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे, आणि ‘भोक’ हा शब्द नेमके तेच झाकून टाकतो.

शिवाय आकडा पाहा. या भागातील गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरते ते एक लाख भागांत काही मोजके भाग. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. हा फरक एक लाखात सुमारे पाचशे भागांचा आहे. त्याला कोणी विषुववृत्ताचे भोक म्हणत नाही.

पाण्याचे वजन करणारे उपग्रह

तिसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण त्यात माणसांचे पाणी गुंतले आहे. १७ मार्च २००२ रोजी ‘ग्रेस’ नावाची उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. एकाच कक्षेत एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटरचे अंतर राखून ते फिरत. वाटेत अधिक वस्तुमान आले की पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि अंतर थोडे वाढते. मग मागचाही ओढला जातो. अंतरातला हा बदल सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरात मोजता येई. महिन्याभराची मोजमापे एकत्र केली की त्या महिन्याचा गुरुत्वाकर्षणाचा नकाशा होतो. दोन महिन्यांच्या नकाशांतील फरक हा मुख्यतः पाणी आणि बर्फ यांच्या हालचालींचा. २०१७ मध्ये ही जोडी थांबली. २२ मे २०१८ रोजी तिची उत्तराधिकारी ‘ग्रेस-फॉलो-ऑन’ ही जोडी सोडण्यात आली.

२००९ साली मॅथ्यू रॉडेल, इझाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फामिग्लिएट्टी यांचा शोधनिबंध ‘नेचर’मध्ये आला. राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) या भागात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात भूजल दरवर्षी सरासरी ४.० अधिक-उणे १.० सेंटिमीटर जाडीच्या पाण्याच्या थराइतके घटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. एकूण घट १०९ घन किलोमीटर. कोयनेचा जलाशय साधारण शंभर टीएमसीचा, म्हणजे २.८ घन किलोमीटरचा. असे सुमारे अडतीस जलाशय सहा वर्षांत जमिनीतून उपसले गेले. हा हिशेब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. त्या भागाचे क्षेत्रफळ सुमारे ४,३८,००० चौरस किलोमीटर. त्यावर ४ सेंटिमीटरचा थर म्हणजे वर्षाला साडेसतरा घन किलोमीटर. निबंधातील आकडा १७.७ अधिक-उणे ४.५ आहे. म्हणजे खरी घट तेराही असू शकेल आणि बावीसही.

या निष्कर्षाने देशातील भूजलाच्या प्रश्नाकडे जगाचे लक्ष वेधले, हे मोठे काम झाले. पण व्याख्यानांतून तो ज्या रीतीने दाखवला जातो, त्यावर तीन आक्षेप आहेत.

पहिला आक्षेप असा. नकाशावर वायव्य भारतात एक लाल डाग दिसतो आणि जणू उपग्रहाने वरून भूजलाचे छायाचित्र काढले असे वाटते. उपग्रहाला भूजल दिसत नाही. त्याला जाणवतो तो एकूण वस्तुमानातील बदल. त्यातून मातीतला ओलावा, नद्या-तलाव वगैरेंचा वाटा संगणकावरील प्रतिरूपांच्या आधारे वजा करावा लागतो. उरते ते भूजल. शोधनिबंधात हे सर्व लिहिलेले असते. व्याख्यानात त्याला अर्धे वाक्य मिळते.

दुसरा आक्षेप नितळपणाचा. दोन्ही उपग्रह जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरतात आणि अंतरही त्याच दिशेत मोजतात. त्यामुळे कच्च्या मासिक नकाशावर उत्तर-दक्षिण असे उभे पट्टे उमटतात. ते खरे नसतात. ते काढण्यासाठी गणिती चाळणी लावतात आणि काहीशे किलोमीटरच्या टप्प्यात सरासरी घेतात. त्यात खऱ्या खुणाही पुसट होतात. टीपकागदावरच्या शाईसारखा एका भागाचा डाग शेजारच्या भागात पसरतो. मग किती पसरला याचा अंदाज घेऊन आकडा दुरुस्त करावा लागतो. हे काम कौशल्याचे आहे, लपवण्याचे नाही. पण पडद्यावर येतो तो शेवटचा गुळगुळीत नकाशा. पट्ट्यांचा कच्चा नकाशा शेजारी ठेवला, तर ऐकणाऱ्याला कळेल की ज्ञान कशातून गाळून काढले आहे. त्यासाठी एक मिनिट पुरते.

तिसरा आक्षेप आकड्याच्या हद्दीचा. त्याच २००९ साली हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील व्ही. एम. तिवारी आणि अमेरिकेतील जॉन वार व शॉन स्वेन्सन यांनी ग्रेसच्याच मोजमापांवरून दरवर्षी ५४ अधिक-उणे ९ घन किलोमीटर घट सांगितली. एक म्हणतो सतरा, दुसरा म्हणतो चोपन्न. मग खरे कोण? दोघेही. पहिला आकडा तीन राज्यांचा आहे, दुसरा उत्तर भारत व भोवतालच्या प्रदेशाच्या फार मोठ्या पट्ट्याचा. प्रदेश न सांगता आकडा सांगणे म्हणजे खोली न सांगता विहिरीत दोर किती लागेल ते सांगण्यासारखे आहे.

यातून महाराष्ट्रातील शिक्षकाने काय घ्यावे? आपल्या राज्याचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या कातळाचा. पंजाब-हरियाणाच्या गाळाच्या जमिनीत पाणी साठायला जागा पुष्कळ असते. रॉडेल यांच्या निबंधात साठवण बारा टक्के धरली आहे. तेथे ४ सेंटिमीटर पाणी गेले तर विहिरीची पातळी सुमारे ३३ सेंटिमीटरने उतरते. कातळात ही जागा दोन टक्के असेल तर तेवढ्याच पाण्यासाठी पातळी दोन मीटरने उतरेल. म्हणजे नकाशावरचा एकच रंग दोन ठिकाणी दोन वेगळ्या विहिरी दाखवतो. आणि तालुक्याच्या, गावाच्या विहिरीबद्दल हा नकाशा काहीच सांगू शकत नाही. त्याची नजर काहीशे किलोमीटरच्या टप्प्याची आहे. त्यासाठी केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी घेते. टेप विहिरीत सोडून घेतलेले ते मोजमाप उपग्रहापुढे कमी प्रतीचे नव्हे. दोघांची कामे वेगळी आहेत.

अधिक-उणे गळून पडले की

हिमालयाच्या बर्फाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२ साली ‘नेचर’मध्ये थॉमस जेकब, जॉन वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेसवरून जगभरच्या हिमनद्यांचा हिशेब मांडला. हिमालय, तिबेट व मध्य आशियातील पर्वत मिळून २००३ ते २०१० या काळात दरवर्षी उणे ४, अधिक-उणे २० अब्ज टन, असा त्यांचा आकडा होता. त्यापूर्वीचे अंदाज दरवर्षी ४७ ते ५५ अब्ज टन घट सांगत होते. मग ‘हिमालयाचे बर्फ वितळत नाही’ अशा बातम्या झळकल्या.

आकडा पुन्हा वाचू. उणे ४ अधिक-उणे २० म्हणजे उणे २४ ते अधिक १६. याचा अर्थ ‘वितळत नाही’ असा होत नाही. या पद्धतीने, या काळात, या प्रदेशाबद्दल निश्चित काही सांगता येत नाही, असा होतो. अडचण अशी की पर्वताच्या पायथ्याशीच उत्तर भारताचे मैदान आहे, आणि तेथे भूजल उपसले जात आहे. टीपकागदावर दोन डाग शेजारी आहेत. बर्फाचा कोणता आणि विहिरीचा कोणता, हे वेगळे करणे कठीण. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, अ‍ॅलेक्स गार्डनर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या पद्धती एकत्र ताडून याच पर्वतांसाठी २००३ ते २००९ या काळाचा आकडा दिला: दरवर्षी उणे २६ अधिक-उणे १२ अब्ज टन. म्हणजे उणे ३८ ते उणे १४. संख्यारेषेवर दोन्ही पट्टे काढा. उणे २४ ते उणे १४ हा भाग दोन्हींत आहे. निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. दुसरा पहिल्याला नेमका करतो. ज्याने फक्त ‘४’ आणि ‘२६’ ऐकले, त्याला मात्र शास्त्रज्ञ दरवर्षी मत बदलतात असेच वाटेल. शास्त्रावरचा विश्वास उडतो तो असा.

न जुळणारा आकडा

याउलट एक जुने सादरीकरण पाहू. एकोणिसाव्या शतकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कल्याणपूर (सध्याच्या मध्य प्रदेशात, सिरोंजजवळ) आणि कलियाना (मुझफ्फरनगरजवळ) या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतील फरक दोन रीतींनी काढला होता. जमिनीवरील त्रिकोणांवरून एक उत्तर आले, ताऱ्यांवरून दुसरे. तफावत ५.२३६ सेकंदांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरची. ताऱ्यांचे मोजमाप ओळंब्यावर अवलंबून असते, आणि हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट यांनी पर्वताचे वस्तुमान धरून हा ओढा किती असावा याचा हिशेब केला. उत्तर आले १५.८८५ सेकंद. म्हणजे तफावतीच्या तिप्पट!

प्रॅट यांनी ते न जुळणारे उत्तर तसेच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८५५ मध्ये ते छापले गेले. त्यांनी आकडा ओढूनताणून जुळवला असता, तर प्रश्नच उरला नसता. त्यांनी तो उघडा ठेवला म्हणून राजखगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी लगेच छोट्या निबंधात उत्तर सुचवले: पर्वताच्या खाली हलक्या खडकाची मुळे असली पाहिजेत, पाण्यावर लाकडाचा ओंडका तरंगावा तसा पर्वत जड थरावर तरंगतो. समस्थायित्वाची कल्पना येथून सुरू झाली, आणि आजचे उपग्रह पृथ्वीच्या पोटातील ज्या असमानतेचा माग काढतात तिचे शास्त्रही याच वाटेने पुढे आले. चांगल्या सादरीकरणाची कसोटी हीच: ऐकणाऱ्याच्या हाती पुढचा प्रश्न विचारण्याइतके साहित्य ठेवले का?

दुसरी बाजू

यावर म्हणता येईल की बटाटा नसता तर जिऑइड हा शब्द किती लोकांनी ऐकला असता? शंभर पानांचा अहवाल कोण वाचणार? हे म्हणणे खोटे नाही. म्यूनिकच्या चित्राने एक रूक्ष विषय जगासमोर आणला आणि पृथ्वीचे अंतरंग एकसारखे नाही, एवढे तरी लाखो लोकांना कळले. शिवाय शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी मर्यादा लपवल्या असेही नाही. ग्रेस उडण्याच्या चार वर्षे आधी, १९९८ मध्ये, जॉन वार आणि सहकाऱ्यांनी या उपग्रहांना काय दिसू शकेल आणि चूक कितपत राहील याचा अंदाज प्रसिद्ध करून ठेवला होता. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

तरीही जबाबदारी पत्रकारांवर ढकलता येत नाही. फिरता गोळा हा प्रवासासाठीच बनवलेला असतो. जे चित्र खालच्या ओळीपासून सुटून फिरणार हे ठाऊक आहे, त्याच्या अंगावरच ‘उंची दहा हजार पट वाढवलेली, चपटेपणा वगळलेला’ असे लिहिता येते. शेजारी प्रमाणात काढलेला गुळगुळीत गोळा ठेवता येतो. नकाशाच्या कोपऱ्यात अधिक-उणेचा आकडा छापता येतो. २०१७ आणि २०१८ यांच्यामध्ये दोन उपग्रहजोड्यांच्या दरम्यान निरीक्षणांत जो खंड पडला, तेथे आलेखाची रेघ जोडून न घेता तुटकच ठेवता येते. यातल्या एकाही गोष्टीने आकर्षण कमी होत नाही. ‘हा फरक वहीच्या कागदाच्या बाराव्या हिश्शाइतका आहे आणि तो आम्ही अवकाशातून मोजला’ हे वाक्य बटाट्यापेक्षा अधिक थक्क करणारे आहे.

वर्गासाठी तीन प्रश्न

असे कोणतेही चित्र पुस्तकात किंवा वृत्तपत्रात आले की विद्यार्थ्यांकडून तीन प्रश्न विचारून घ्यावेत. एक, हे किती पट वाढवले आहे? दोन, दाखवण्यापूर्वी यातून काय वजा केले आहे? तीन, आकड्याचे अधिक-उणे किती आणि तो किती प्रदेशाचा, किती काळाचा?

पहिल्या प्रश्नासाठी एक मीटर व्यासाचे वर्तुळ अंगणात खडूने काढावे आणि त्यावर एव्हरेस्ट, ध्रुवांचा चपटेपणा व जिऑइड प्रमाणात दाखवायला सांगावे. खडूच्या रेघेच्या जाडीतच तिन्ही बुडून जातात, हे मुलांना स्वतःच कळेल. दुसऱ्यासाठी वर्गातील मुलांच्या उंचीची सरासरी काढून प्रत्येकाचा फक्त फरक फळ्यावर मांडावा. कोणी अधिक पाच, कोणी उणे आठ. हा आलेख पाहून कोणी ‘राजूची उंची उणे आठ सेंटिमीटर’ म्हणाले, तर सारा वर्ग हसेल. बटाट्याच्या बाबतीत आपण तेच म्हणत होतो. तिसऱ्यासाठी गावातल्या एका विहिरीची पातळी पाच गटांनी वेगवेगळी मोजावी आणि पाचही उत्तरे फळ्यावर ठेवावीत. सरासरी लिहावी, पण उत्तरे पुसू नयेत.

उत्तरे का पुसायची नाहीत, हे ज्या मुलाला समजले, त्याला उद्या कोणत्याही परिषदेतला लाल-निळा नकाशा वाचता येईल. आणि भूजलाचा कायदा, धरणाचे पाणी, हिमनद्यांवर जगणाऱ्या नद्या यांविषयी मत देण्याची वेळ येईल, तेव्हा तो आधी अधिक-उणे विचारेल.